संस्थापकाची दंतकथा कशी घडते : हरी सेल्डनच्या निमित्ताने एका कादंबरीकाराला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शनीच्या टायटन या चंद्रावर वसलेल्या मानवी वस्तीवर तुम्ही तीन खंडांची कादंबरीमालिका लिहीत आहात. पहिल्या खंडात वस्तीची संस्थापक असलेली अभियंता जन्मापासून मृत्यूपर्यंत येते आणि जाताना नऊ सूचना मागे ठेवते. दुसरा खंड तिच्यानंतर १२० वर्षांनी घडतो, तिसरा ३०० वर्षांनी. हस्तलिखित वाचणाऱ्यांचे म्हणणे असे की, पहिल्या खंडात ती कर्तबगार वाटते, पण पुढे जिची दंतकथा व्हावी अशी वाटत नाही, आणि ती गेल्यावर उरलेले दोन खंड ओकेबोके होतात. तिला अधिक भव्य करावे का, तिच्या बालपणाची प्रकरणे वाढवावीत का, आणि आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ मालिकेतला हरी सेल्डन मोजक्या पानांत येऊनही सगळी मालिका व्यापून कसा राहतो, असे तुम्ही विचारले आहे.

पुण्यात संपादनाचे काम करताना विज्ञानकथा आणि ऐतिहासिक कादंबरी या दोन्हींची हस्तलिखिते मी वर्षानुवर्षे वाचत आले आहे. दोन्हींत कुणी ना कुणी संस्थापक असतो आणि दोन्हींत लेखक बहुधा एकाच जागी अडतो : संस्थापकाचे मोठेपण वाचकाच्या डोळ्यांदेखत सिद्ध करून दाखवले पाहिजे असे त्याला वाटते, आणि मग पराक्रमामागून पराक्रम येत राहतात. माझे मत स्पष्ट सांगते. तुमच्या अभियंतेला आणखी मोठे करण्याची गरज नाही. संस्थापकाची दंतकथा त्याच्यामागे राहिलेली माणसे रचतात, आणि ती त्यांना रचावी लागते, कारण संस्थापकाने त्यांच्यापासून काहीतरी राखून ठेवलेले असते. सेल्डनच्या बाबतीत असिमोव्ह यांनी या दोन्ही गोष्टी फार नेटकेपणाने साधल्या आहेत, त्यामुळे आधी त्याचीच घडण उलगडून पाहू.

मालिकेचा गाभा असा. बारा हजार वर्षे टिकलेले आकाशगंगेचे साम्राज्य आतून पोखरले गेले आहे, पण राजधानीच्या ट्रँटर ग्रहावर कुणालाही ते मान्य नाही. हरी सेल्डन हा गणितज्ञ मानवी समुदायांच्या वर्तनाचे गणित मांडणारे ‘सायकोहिस्टरी’ नावाचे शास्त्र उभारतो आणि साम्राज्य कोसळल्यावर तीस हजार वर्षांचे अंधारयुग येणार असे सांगतो. ते टाळता येणार नाही, परंतु योग्य जागी योग्य माणसे बसवली तर एक हजार वर्षांवर आणता येईल, असे त्याचे गणित सांगते. त्यासाठी तो आकाशगंगेच्या दोन टोकांना दोन प्रतिष्ठाने स्थापतो. पहिले उघडपणे, टर्मिनस नावाच्या आडबाजूच्या ग्रहावर, ज्ञानकोश तयार करण्याच्या निमित्ताने, दुसरे गुप्तपणे.

आता लेखनाचा क्रम पाहा, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. १९४१च्या ऑगस्टमध्ये एकवीस वर्षांच्या असिमोव्ह यांनी संपादक जॉन कॅम्पबेल यांच्यापुढे ही कल्पना मांडली. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरचा गिबनचा इतिहास त्यांच्या डोक्यात होता. पहिली कथा मे १९४२मध्ये ‘अस्टाउंडिंग’ मासिकात आली आणि पुढची आठेक वर्षे कथा येत राहिल्या. त्या कथांतून वाचकाला सेल्डन भेटतो तो मुख्यतः मृत्यूनंतर : त्याची योजना, त्याचे नाव घेणारी माणसे, त्याची चित्रमुद्रित भाषणे यांतून. ज्या भागात तो हिंडताफिरता, आपल्या भाकितामुळे भरलेल्या खटल्याला सामोरा जाणारा माणूस म्हणून सविस्तर दिसतो, तो आरंभीचा भाग १९५१मध्ये पहिले पुस्तक निघताना मुद्दाम लिहिलेला आहे. म्हणजे आधी दंतकथा तयार झाली आणि तिच्या मापाने माणूस नंतर बेतला गेला. तुम्ही नेमके उलटे करत आहात, आणि म्हणूनच माणूस पूर्ण झाल्यावर दंतकथेला जागाच उरत नाही.

तो १९५१चा भागही बारकाईने वाचण्याजोगा आहे. सेल्डन पहिल्यांदा येतो तो ज्ञानकोशातल्या नोंदीतून. नोंद सांगते की त्याचा जन्म साम्राज्य-शकाच्या ११,९८८व्या वर्षी हेलिकॉन ग्रहावर मध्यमवर्गीय कुटुंबात झाला आणि १२,०६९मध्ये तो वारला. त्याचे वडील म्हणे तिथल्या जलशेतीत तंबाखू पिकवत, पण ही आख्यायिका विश्वसनीय नाही. त्याच्या आयुष्याविषयी सर्वांत चांगला आधार म्हणजे गाल डॉर्निक याने लिहिलेले चरित्र, आणि हा डॉर्निक त्याला भेटला तो मृत्यूच्या अवघी दोन वर्षे आधी. ही नोंद ज्या आवृत्तीतून घेतली आहे असे दाखवले आहे ती ११६वी, टर्मिनसवर निघालेली, प्रतिष्ठान-शकाच्या १०२०व्या वर्षाची. विचार करा, एवढ्याशा मजकुरात किती काम झाले आहे. हजार वर्षांनंतरही त्याच्या वडिलांच्या धंद्यावर वाद आहे, म्हणजे लोक त्याच्याविषयी बोलत राहिले आहेत. कालगणना त्याच्यापासून मोजली जाते. त्याचे चरित्र ज्याने लिहिले त्याला त्याची अखेरच तेवढी ठाऊक होती. आणि ज्ञानकोश ११६ आवृत्त्यांपर्यंत पोहोचला आहे, म्हणजे योजना बऱ्याच अंशी फळाला आली असणार, हे कथा सुरू होण्याआधीच आपल्या कानावर पडते. बालपणाची तीन प्रकरणे लिहून जे साधले नसते ते तंबाखूच्या एका अविश्वसनीय आख्यायिकेने साधले आहे.

पुढचा सगळा भाग आपण सेल्डनच्या मनातून पाहत नाही. खेड्यावजा ग्रहावरून पहिल्यांदाच राजधानीत आलेला तरुण डॉर्निक त्याला जसा पाहतो तेवढाच आपल्याला दिसतो. सेल्डन मनात काय धरून आहे ते डॉर्निकला कळत नाही, आणि खटला संपल्यावर जेव्हा थोडे कळते तेव्हा लक्षात येते की शिक्षा म्हणून मिळालेली टर्मिनसवरची हद्दपारी त्याने स्वतःच घडवून आणली होती. तुमच्या पहिल्या खंडात मात्र आपण सतत अभियंतेच्या डोक्यात बसलेले असतो. तिची भीती, तिचे संशय, तिचा आनंद, सगळे आपल्याला माहीत होते. माणूस म्हणून ती जवळची होते हे खरे, परंतु १२० वर्षांनी तिची मूर्ती उभारणाऱ्यांपेक्षा वाचकाला तिच्याविषयी पुष्कळ जास्त ठाऊक असते, आणि त्यांचे चुकणे त्याला अज्ञान वाटते. तिच्या जवळ एखादा डॉर्निक आणा. शिकाऊ तंत्रज्ञ असेल, स्वयंपाकघर सांभाळणारा असेल, तिच्याशी पटत नसलेली सहकारी असेल तर अधिकच चांगले.

आता राखून ठेवण्याविषयी, कारण मालिकेचे इंजिन तिथे आहे. सायकोहिस्टरीच्या दोन अटी असिमोव्ह यांनी घातल्या. एक, लोकसंख्या प्रचंड हवी, म्हणजे व्यक्तींच्या लहरी एकमेकींना छेदून जातील. दुसरी, आपल्याविषयी कोणते भाकीत केले आहे ते त्या लोकसंख्येला ठाऊक असता कामा नये, नाहीतर ती वेगळे वागेल आणि गणित चुकेल. दुसरी अट नाट्याच्या दृष्टीने फार मोलाची आहे. तिच्यामुळे सेल्डनला गप्प राहावे लागते. गूढ दिसावे म्हणून तो गप्प राहत नाही. टर्मिनसवर जाणाऱ्यांत मानसशास्त्रज्ञ जवळजवळ नाहीत, कारण त्यांना योजना उलगडली असती. ज्यांच्यावर त्याने भविष्य सोपवले त्यांनाच त्याने आपल्या शास्त्रापासून दूर ठेवले.

याचा स्फोट पन्नास वर्षांनी होतो. टर्मिनसला शेजारच्या राज्याने वेढल्यासारखे केले आहे, ज्ञानकोशाचे विश्वस्त मात्र सम्राट आपले रक्षण करील या भरवशावर संदर्भ लावत बसले आहेत. ठरलेल्या दिवशी काळकोठी, म्हणजे सेल्डनची चित्रमुद्रित भाषणे ठेवलेली खोली, उघडते आणि चाकांच्या खुर्चीत बसलेला, मांडीवर पुस्तक असलेला म्हातारा सेल्डन प्रतिमारूपाने प्रकटतो. तो आधी पुस्तक मिटतो. मी तुम्हाला पाहू शकत नाही, किती जण आहात तेही मला कळत नाही, उभे असाल तर बसा, धूम्रपान करायचे असेल तर माझी हरकत नाही, मी इथे नाहीच, अशा अर्थाचे तो बोलतो. आणि मग तितक्याच घरगुती आवाजात सांगून टाकतो की ज्ञानकोश हे निव्वळ निमित्त होते, त्याचा एक खंडही कधी निघाला नाही तरी आपल्याला पर्वा नव्हती. समोर बसलेल्या विश्वस्तांचे आयुष्य ज्या कामात गेले ते काम संस्थापकाने एका वाक्यात मोडीत काढले. मेघगर्जना नाही, दिव्य प्रकाश नाही. धूम्रपानाला परवानगी देणारा सभ्य म्हातारा आहे. या प्रसंगात तो प्रथम दंतकथा होतो असे मी मानते, आणि त्याचे कारण त्याच्या भाषणाइतकेच ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांत आहे. त्यांच्या हाताशी उरले ते एवढेच की याला सगळे आधी माहीत होते आणि आपल्याला काहीच माहीत नाही.

टर्मिनसचा महापौर सॅल्व्हर हार्डिन याने मात्र ओळखले की ज्ञान नसलेल्यांना श्रद्धेने बांधता येते. त्याच्या कारकिर्दीत टर्मिनस शेजारच्या राज्यांना अणुऊर्जेची यंत्रे देते, पण यंत्रामागचे विज्ञान न देता धर्म देते : पुरोहित, विधी, शापवाणी. तीस वर्षांनी एक राजप्रतिनिधी टर्मिनसवर आरमार धाडतो तेव्हा त्या आरमाराच्या मुख्य जहाजावरचा पुरोहितच जहाजाला शाप देतो, यंत्रे थंडावतात आणि घाबरलेले सैनिक आपल्याच सेनानीवर उलटतात. सेल्डनने असला धर्म कधी सांगितला नव्हता. त्याच्या नावाचा आधार घेऊन तो दुसऱ्याने उभा केला आणि व्यापाऱ्यांचे दिवस आल्यावर तोही मागे पडला. संस्थापकाच्या शब्दांपेक्षा त्या शब्दांचा उपयोग कोण कशासाठी करतो यावर कथा चालते, ती अशी.

हे तुमच्या टायटनवर कसे उतरेल ते तुमच्याच सामग्रीतून दाखवते. टायटनच्या पृष्ठभागाचे तापमान उणे १७९ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि त्या थंडीत पाण्याचा बर्फ खडकासारखा कठीण असतो. वस्ती त्या बर्फावर उभी आहे. तुमची चौथी सूचना अशी : दर सूर्योदयाला तळाखालचे तापमान मोजा. पहिल्या खंडात तिचे कारण तुम्ही दोन पानांत समजावले आहे : घुमटातली ऊब तळातून झिरपली तर खालचा बर्फ नरम पडून पाया खचेल. ती दोन पाने काढून टाका. सूचना राहू द्या, कारण राहू देऊ नका. टायटनचा एक दिवस पृथ्वीच्या जवळजवळ १६ दिवसांचा आणि आकाश नारिंगी धुरक्याने कायम झाकलेले, म्हणजे सूर्योदय डोळ्यांना धड दिसतही नाही, तो घड्याळावरून जाहीर करावा लागतो. आता १२० वर्षांनंतरचे दृश्य पाहा. सोळा दिवसांतून एकदा घंटा होते, वस्ती खालच्या दालनात जमते, सर्वांत ज्येष्ठ तंत्रज्ञ मापकावर हात ठेवून आकडा मोठ्याने म्हणतो आणि लोक तो पुन्हा म्हणतात. आकडा दर वेळी तोच असतो, कारण मापक केव्हाच बंद पडला आहे. आणि नव्याने बांधलेल्या बाजूच्या घुमटाखाली, जिथे विधी करण्याची प्रथाच नाही, बर्फ खरोखरच नरम पडू लागला आहे. हे लक्षात येणाऱ्या मुलीपुढे दोन वाटा आहेत. बंद मापक दुरुस्त करायचा, म्हणजे पवित्र आकडा बदलायचा. किंवा गप्प राहायचे. तुमच्या दुसऱ्या खंडात आज जी कथा नाही ती इथे उभी राहते, आणि त्यात अभियंता एकदाही न दिसता पानापानावर असते.

असा ऐवज शोधायला आपल्याला परक्या वाङ्मयात जावे लागत नाही. मराठी गद्याच्या आरंभीच एका संप्रदाय-संस्थापकाच्या आठवणींचा ग्रंथ आहे. श्रीचक्रधर निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांना पाहिलेल्या, त्यांच्याशी बोललेल्या माणसांना भेटून एकेक लीळा गोळा केली, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतली आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मूळ प्रत पुढे नष्ट झाली, शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली, आणि त्यामुळे पाठ वेगवेगळे झाले. त्या लीळांत संस्थापक जेवतो, चालतो, रागावतो, कुणाची समजूत घालतो. प्रसंग लहान, संवाद तुटक, आणि कोण कुठे होते याची नोंद चोख. तुमच्या संस्थापकेविषयीची सामग्री अशा तुकड्यांत असू द्या. एका तुकड्यात तिने पाणी मागितले असे असेल, दुसऱ्यात तिने पाणी नाकारले असे. दोन्ही जपणारी माणसे वस्तीत असू द्या आणि त्यांचे आपसांत पटू देऊ नका. लेखक म्हणून खरे काय घडले ते तुम्हाला माहीत असावे, पण ते सांगून टाकण्याची घाई करू नये.

यापुढचा मुद्दा मी सर्वांत महत्त्वाचा समजते. संस्थापकाला एकदा तरी, जाहीरपणे आणि सर्वांसमक्ष, चुकू द्या. टर्मिनसच्या स्थापनेला तीनशे वर्षे होत आली आहेत, म्यूल नावाचा कुणी एक विजेता ग्रहामागून ग्रह घेत येत आहे, आणि लोक काळकोठीपाशी गोळा झाले आहेत कारण सेल्डन प्रकटेल आणि धीर देईल. तो प्रकटतो. शांतपणे बोलू लागतो. आणि बोलतो ते भलत्याच संकटाविषयी : स्वतंत्र व्यापारी आणि टर्मिनसचे हुकूमशाही वळणाचे शासन यांच्यातल्या यादवीविषयी. म्यूलचा उल्लेखही नाही. म्यूल हा माणसांच्या भावना वळवू शकणारा उत्परिवर्ती (म्यूटंट) आहे, एकटा आहे, आणि एकट्या व्यक्तीचे गणित या शास्त्राला मांडता येत नाही. भाषण चालू असतानाच दिवे जातात, अणुऊर्जा बंद पडते आणि हल्ला सुरू होतो. तीन शतके जो कधीही चुकला नाही तो मृत मनुष्य आपल्या मंद, विश्वासू आवाजात चुकीचे बोलत राहतो आणि त्याला ते कळण्याचा मार्ग नाही. विज्ञानकथेतले माझ्या वाचनातले हे सर्वांत भेदक दृश्यांपैकी एक आहे. ते भेदक होते कारण आधीच्या कथांत त्याचे बरोबर ठरणे आपण अनुभवलेले आहे. त्या ठेवीशिवाय ही चूक पोकळ ठरली असती. तुमच्या नऊ सूचनांपैकी सगळ्या बरोबर ठरतात हे मी हस्तलिखितात वाचले तेव्हा मला तिसऱ्या खंडाची काळजी वाटली. दोन बरोबर ठरू द्या, मग सर्वांत जिव्हाळ्याची जी असेल ती चुकू द्या, आणि तिची चूक कुणाच्या तरी जिवावर बेतू द्या.

चुकीनंतर काय, याचेही उत्तर मालिकेत आहे. दुसरे प्रतिष्ठान गुप्तपणे योजना पुन्हा रुळावर आणते. १९८२च्या कादंबरीत त्यांच्याकडे भिंतीवर उमटणारी योजनेची समीकरणे दिसतात, त्यांत सेल्डनची मूळ मांडणी काळ्या रंगात आहे आणि त्याच्यानंतरच्या पिढ्यांनी घातलेली भर लाल रंगात. योजना सेल्डनची म्हणवते, परंतु ती शतकानुशतके अनेक हातांनी लिहिली जात आहे. पुण्यातल्या वाचकाला हे चटकन कळावे. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९पासून १९६६पर्यंत चालले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेल्या शिस्तीने देशभरातली हस्तलिखिते ताडून पाहिली गेली, जे जुने ठरले ते वर छापले आणि जे प्रदेशाप्रदेशांतून मागाहून शिरले ते टिपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. त्यातले कोणतेही पान उघडून पाहा. वर शांत संहिता आणि खाली पाठभेदांची दाट वस्ती असते, आणि त्या वस्तीतली प्रत्येक ओळ कुणीतरी कधीतरी व्यासांच्या नावाने श्रद्धेने म्हटलेली आहे. तुमच्या वस्तीलाही असे पान हवे.

मालिकेच्या उत्तरार्धातले दोन तपशील केवळ नोंदवून पुढे जाते. एका भागाचा आरंभ आर्केडी डॅरेल ही चौदा वर्षांची मुलगी ‘सेल्डन योजनेचे भवितव्य’ या विषयावर शाळेचा निबंध सांगत असते तिथे होतो. संस्थापक शालेय निबंधाचा विषय झाला म्हणजे तो किती खोल मुरला आहे हे कळते. आणि १९८२च्या कादंबरीत, प्रतिष्ठान-शकाच्या ४९८व्या वर्षी, गोलन ट्रेव्हिझ हा नगरसेवक म्हणतो की योजना अजून अस्तित्वात आहे यावर आपला विश्वास नाही, कारण ती नको इतकी बरोबर चालली आहे. त्याला अटक होते. शंका घेणारा माणूस दंतकथेला लागतोच, आणि त्याची शंका बुद्धीची असली पाहिजे, नुसत्या बंडखोरीची नव्हे.

आता तुमच्या बालपणाच्या प्रकरणांविषयी. असिमोव्ह यांनीही अखेर हा मोह केला. १९८८च्या पूर्वकथेत बत्तीस वर्षांचा सेल्डन ट्रँटरवर येतो, परिषदेत निबंध वाचतो आणि आपले शास्त्र तत्त्वतः शक्य असले तरी व्यवहारात बहुधा अशक्य आहे असे सांगत राजधानीभर पळत राहतो. १९९२मध्ये असिमोव्ह वारले आणि १९९३मध्ये आलेल्या शेवटच्या कादंबरीत सेल्डन एकेक आप्त आणि सहकारी गमावत म्हातारा होतो. या शेवटच्या पुस्तकात खरी करुणा आहे आणि ते मी आदराने वाचते. तरीही दंतकथेच्या दृष्टीने या दोन्ही पुस्तकांनी सेल्डनचे नुकसान केले असे मी म्हणेन. त्याच्यामागे हजारो वर्षांचा एक यंत्रमानव उभा होता हे कळल्यावर काळकोठीतला एकटा म्हातारा पुन्हा तितका एकटा वाटत नाही. २०२१पासून आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेत तर सेल्डनची अंकीय प्रतिकृती पात्रांशी बोलते, वाद घालते, निर्णय घेते. अभिनय उत्तम आहे, पण ज्याला प्रश्न विचारता येतो तो संस्थापक दंतकथा राहत नाही. तो वस्तीतला आणखी एक वडीलधारा होतो. मूळ कथांतल्या सेल्डनला कुणी प्रश्न विचारू शकत नव्हते, आणि त्याला ऐकूही येत नव्हते.

फ्रँक हर्बर्ट यांनी ‘ड्यून’ मालिकेत वेगळी वाट घेतली हे इथे सांगितले पाहिजे. १९६५च्या पहिल्या कादंबरीतला पॉल अट्रायडिस स्वतःच्या दंतकथेत जिवंतपणी सापडतो. प्रकरणांच्या माथ्यावर राजकन्या इरुलानने त्याच्याविषयी लिहिलेले उतारे आहेत, म्हणजे तो घडत असतानाच त्याचा इतिहास लिहिला जात आहे, आणि १९६९च्या दुसऱ्या कादंबरीपर्यंत त्याच्या नावाने झालेल्या संहारापुढे तो स्वतः हतबल आहे. तुमची अभियंता पहिल्याच खंडात मरत असल्यामुळे ही वाट तुम्हाला उपयोगाची नाही, परंतु इरुलानच्या उताऱ्यांची युक्ती अवश्य उचला. तुमच्या प्रकरणांच्या माथ्यावर वस्तीतल्या पुढच्या पिढ्यांचे मजकूर येऊ द्या : पाठ्यपुस्तकातला धडा, दुरुस्तीच्या वहीतली नोंद, स्मृतिदिनाच्या भाषणाचा मसुदा, एखाद्या खटल्यातली साक्ष. त्यांची भाषा पिढीनुसार बदलली पाहिजे. पहिल्या पिढीत तिचे नाव एकेरीत आणि टोपणनावाने येईल, तिसऱ्यापर्यंत आदरार्थी बहुवचन लागेल, आणि दहाव्या पिढीत तिचे नाव घेणेच कुणाला प्रशस्त वाटणार नाही, केवळ पदवी उरेल. मराठीत क्रियापदाच्या रूपानेच हे अंतर दाखवता येते, तेव्हा त्याचा पुरेपूर उपयोग करा.

काम कोणत्या क्रमाने करावे तेही सांगते. पहिल्या खंडाची काटछाट आत्ताच सुरू करू नका, कारण काय कापायचे ते तुम्हाला अजून माहीत नाही. आधी तिसऱ्या खंडाचे पहिले प्रकरण नव्याने लिहा. तीनशे वर्षांनंतर नऊ सूचनांची प्रमाण आवृत्ती सिद्ध करणारी समिती बसली आहे. जुन्या प्रती समोर आहेत, आणि एका तरुण संपादकाच्या लक्षात येते की सर्वांत जुन्या दोन प्रतींत नववी सूचना नाही. ती कुणी, केव्हा, कोणत्या अडचणीत घातली हे तुम्ही ठरवा. माझ्या मते ती दुसऱ्या खंडातल्या मापक दुरुस्त करणाऱ्या मुलीने घातली असावी, कारण स्वतःच्या नावाने सांगितले असते तर कुणी ऐकले नसते. समितीत ज्यांचे आयुष्य त्या सूचनेवर गेले आहे असे एक ज्येष्ठ असू द्या आणि त्यांना मूर्ख दाखवू नका. त्यांचा युक्तिवाद त्या तरुणाइतकाच भक्कम असला पाहिजे. ते प्रकरण हाती आले की पहिला खंड पुन्हा वाचा. तिसऱ्या खंडातल्या समितीला जे ठाऊक असणे शक्य नाही असे त्यात जे जे आहे, त्यावर खूण करा, आणि त्यातले ज्यावाचून कथा अडेल तेवढेच ठेवा.